पाहुण्यांना गांधी हॉल कसा दाखवावा

इंदूरला आलेले मुंबई-पुण्याचे पाहुणे राजवाडा, सराफा, छप्पन दुकान आपले आपणच शोधतात. गांधी हॉलला मात्र आपण न्यावं लागतं. सकाळी, पोहे-जिलबी झाल्याबरोबर न्या, नंतर एम. जी. रोडवर बोललेलं ऐकू येत नाही.

"आत्या, हे पूर्वी चर्च होतं का गं?" असं कुणीतरी विचारतंच. लगेच उत्तर देऊ नका. फाटकापाशीच उभं करा आणि आधी कमानी दाखवा. टोकदार कमान ही गॉथिकची, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चांच्या बांधणीची, खूण. अर्धगोल कमान भार बाजूंना रेटते, टोकदार कमान तो बराचसा खाली उतरवते. त्यामुळे भिंती उंच नेता येतात, खिडक्या मोठ्या ठेवता येतात. युरोपातल्या चर्चांनी हेच केलं. मग चार कोपऱ्यांकडे बघायला सांगा. ते मनोरे राजपूत थाटाचे! इथे पाहुणे स्वतःच गोंधळतात, तेव्हा सांगायचं: चर्च कधीच नव्हतं, १९०४ सालचा टाऊन हॉल आहे. मुंबईकर असतील तर हेही सांगा की बोरीबंदर स्टेशनचा आराखडा करणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या मुलानं, चार्ल्सनं, याचा आराखडा केला. मग ते जरा आदरानं बघू लागतात.

तेव्हा इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड, म्हणून नाव किंग एडवर्ड हॉल. १९४८ मध्ये गांधी हॉल झालं. समोरच्या मनोऱ्याला चारी बाजूंनी घड्याळं, त्यामुळे जुने लोक दोन्ही नावं सोडून घंटाघरच म्हणतात. रिक्षावाल्याला तेही चालतं.

आत प्रदर्शनी असेल तर बायका साड्यांकडे वळणार, वळू द्या. पुस्तकं, चित्रं, मेळे, सगळं या दालनानं पाहिलंय, आणि माझ्या मते त्यामुळेच ते टिकलं; कुलूपबंद वास्तू लवकर खचते. तेवढ्यात छतावरचं प्लास्टरचं नक्षीकाम बघून घ्या. गर्दीत वर बघायचं कुणाला सुचत नाही.

खरंखुरं जुनं चर्च बघायचंच असेल तर रेसिडेन्सी भागाकडच्या व्हाईट चर्चला जा. ते १८५८ चं आणि आजही प्रार्थनेचंच. रविवारी प्रार्थना चालू असताना बाहेर थांबा, फोटो नंतर.