टोकियोत ऑपेरा गायचाय? आधी ‘किती तिकिटं?’ विचारा

दर वर्षी जपानी भाषेच्या परीक्षेचा निकाल लागला की पुण्याहून दोन-तीन मेसेज ठरलेले. “दादा, एन-टू झालंय, वेस्टर्न व्होकलच्या ग्रेड झाल्यात, तिकडे ऑपेरात काही जमेल का?” एकेकाला उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी बॅरिटोन, म्हणजे मधल्या खोलीच्या पुरुषी आवाजाचा गायक. पुण्यात चर्चच्या क्वायरमध्ये गात वाढलो, टोकियोत एका खासगी संगीत विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. आज कोरसमध्ये गातो, दोन हौशी गायकवृंदांना आवाजाची तालीम देतो आणि महिन्याचं भाडं वेळेवर भरतो. नायक वगैरे झालो नाही. ज्यांना नायकाचा सल्ला हवाय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

प्रवेश, व्हिसा, आठवड्याला २८ तासांची पार्टटाइम मर्यादा हे तुम्हाला ठाऊक आहेच. उएनोचं तोक्यो गेइदाई, म्हणजे सरकारी कला विद्यापीठ, फीच्या मानाने परवडतं, पण तिथे जागा मिळणं महाकठीण. खासगी विद्यापीठांची फी ऐकून माझ्या वडिलांनी फोनवर आकडा दोनदा विचारला होता. हे सगळं वेबसाइटवर सापडतं. जे सापडत नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ऑपेरा हाऊस एकल गायकांना पगारावर ठेवतं. जपानमध्ये ही पद्धत जवळजवळ नाही. तोक्योचं न्यू नॅशनल थिएटर १९९७ साली उघडलं. तिथे मोठ्या भूमिकांना बऱ्याचदा परदेशी पाहुणे येतात, जपानी गायक दुय्यम भूमिकांत किंवा ‘कव्हर’ (गरज पडली तर ऐन वेळी गाणारा बदली गायक) म्हणून विंगेत. फुजिवारा ऑपेरा (१९३४) आणि निकिकाई (१९५२) या गायकांच्याच संस्था, सभासद असाल तर त्यांची दारं जरा सहज उघडतात. पण सभासद होणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे. मला तसं वाटलं होतं. निकिकाईच्या प्रशिक्षणात योका, होन्का, मास्टर क्लास अशा पायऱ्या आहेत आणि फी आपल्याच खिशातून जाते. न्यू नॅशनल थिएटरचा तीन वर्षांचा प्रशिक्षणक्रम मात्र सोनं आहे, पण वर्षाला घेतात पाचेक जण. एरी नाकामुरा तिथलीच. पुढे लंडनच्या रॉयल ऑपेरात तरुण कलाकारांच्या योजनेत असताना २००९ साली तिला विख्यात गायिका आन्ना नेत्रेब्कोच्या जागी ऐन वेळी ज्युलिएट गायची संधी मिळाली आणि तिने ती निभावली. ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्याआधी तिने किती भूमिका कुणी न बोलावता पाठ करून ठेवल्या असतील, ते कुणी विचारत नाही.

आता माझा खड्डा. हे लांबणार आहे, पण लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

पदवीनंतरच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या ऑपेरा मंडळाचा फोन आला. (नाव सांगणार नाही, आणि कोणतं ते विचारू नका.) मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेरातला माळी अंतोनियो. भूमिका एवढीशी, पण पाटी कोरी असताना काय हवं! पहिल्या तालमीला संध्याकाळी सात वाजता पोचलो आणि सगळ्यांसारखंच ‘ओहायो गोझाइमास्’, म्हणजे सुप्रभात, म्हणालो. इथल्या नाटक-संगीतवाल्यांत दिवसाची पहिली भेट रात्री झाली तरी ती सकाळच. तालमीनंतर कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही हातांनी, वाकून, मला एक तपकिरी पाकीट दिलं. आत रबरबँड लावलेली ३५ तिकिटं आणि एक चिठ्ठी: तिकीटविक्रीत आपलं ‘गो-क्योर्योकु’ मिळावं ही विनंती. गो-क्योर्योकु म्हणजे सहकार्य. हा शब्द मला पुण्यातच पाठ झाला होता. मी खूश. म्हटलं, जमेल तेवढी विकू, उरलेली परत देऊ.

त्याच आठवड्यात कॉरिडॉरमध्ये दोन सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) हळू आवाजात ‘नोरुमा, नोरुमा’ बोलताना ऐकलं. मला वाटलं मंडळ पुढच्या वर्षी बेल्लिनीचा ‘नोर्मा’ हा ऑपेरा करतंय. घरी जाऊन त्यातल्या ओरोवेझोचा भाग काढून बसलो! तो बासचा, म्हणजे सगळ्यात खोल आवाजाचा, तरी म्हटलं बघू. कताकानात, म्हणजे परकी शब्द लिहायच्या जपानी लिपीत, दोन्ही शब्द हुबेहूब सारखे लिहितात. त्या बोलत होत्या तो नोरुमा रशियनमधून आलेला, त्याचा अर्थ वाट्याला आलेला सक्तीचा कोटा. सायबेरियाच्या कैदेतून परतलेल्या जपानी सैनिकांनी तो आणला असं सांगतात.

प्रयोग झाला. माझी कुऱ्हाड-कुंडी घेऊन येण्याची एंट्री चांगली झाली, हशाही मिळाला. दोन दिवसांनी ‘सेइसान’ला, म्हणजे हिशेबाला, बोलावलं. बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा केला, तोंडाने काही बोलल्या नाहीत. कॅल्क्युलेटर फक्त माझ्याकडे फिरवला. ८८,०००.

हिशेब नीट बघा, कारण प्रत्येक नवा माणूस इथेच चुकतो. तिकीट ६,००० येनचं. ३५ तिकिटांचे झाले २,१०,०००. मी विकली १२, म्हणजे ७२,००० जमा. उरलेल्या २३ तिकिटांचे १,३८,००० माझ्या नावावर. माझं मानधन ५०,०००, ते त्यातून वजा. बाकी ८८,००० मी द्यायचे. तेव्हा माझ्या खोलीचं भाडं होतं ५८,०००. म्हणजे दोन महिने तालमी करून, गाऊन, दीड महिन्याचं भाडं मी मंडळाला दिलं. शिवाय तालमीला नेलेला खाऊ (साशिइरे म्हणतात, रिकाम्या हाताने गेलेलं लक्षात राहतं) आणि शेवटच्या पार्टीची वर्गणी वेगळीच.

फसवणूक झाली असं तेव्हा वाटलं. आज तसं म्हणणार नाही. बाकी सगळ्यांना नियम ठाऊक होता, त्यामुळे तो लिहायची गरज कुणाला वाटली नाही. इथल्या छोट्या मंडळांना सरकारी पैसा तुटपुंजा, हॉलचं भाडं अवाच्या सवा. मग प्रेक्षक आणायचे कुणी? ज्याच्या मागे वीस वर्षांच्या शिकवण्या, शाळासोबती, आईच्या कोरसमधल्या मैत्रिणी आहेत, त्याला ३५ तिकिटं म्हणजे एका रविवारचं काम. माझ्यामागे होतं निशिकासाई, टोकियोतली भारतीयांची वस्ती. तिथल्या ओळखीच्या एका काकांना तिकीट देऊ केलं, तर म्हणाले, “तीन तास? मध्ये जेवण असतं का रे?” तरी ते आले बिचारे. दुसऱ्या अंकात झोपले, माझ्या प्रवेशाला काकूंनी उठवलं.

तर, होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा: किती तिकिटं, उरलेली परत घेणार का, आणि मानधन रोख की तिकिटांच्या रूपात. शेवटचं खोटं वाटेल, पण काही ठिकाणी मानधनच तिकिटांनी देतात. ‘नानमाइ देस् का?’ (किती तिकिटं?) एवढं विचारलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. होऊ द्या. पैशाचं विचारणं इथे असभ्य समजतात असं कुणी सांगेल, तर त्याने आपली तिकिटं कधीच स्वतः विकली नसणार.

कंडक्टर व्हायला निघालेल्यांना हा खड्डा वेगळ्या रूपात भेटतो. त्यांना फुकु-शिकी, म्हणजे सहायक कंडक्टर, म्हणून घेतात. शिताबुरी करायची: उस्ताद येईपर्यंत महिनाभर तालमी आपण चालवायच्या, प्रयोगाच्या दिवशी अंधारात उभं राहून पडद्यामागच्या कोरसला टॉर्चने इशारा द्यायचा. पैसे कमी, नाव बारीक अक्षरात. पण माझं स्पष्ट मत आहे की ऑपेराचा कंडक्टर इथेच घडतो. गायक कुठे श्वास घेतो, कुठे घाबरून पुढे पळतो, हे स्कोअरमध्ये लिहिलेलं नसतं.

कंडक्टर होऊ पाहणाऱ्यांना विख्यात जपानी कंडक्टर सेइजी ओझावांची गोष्ट फार आवडते. १९५९ साली मालवाहू जहाजाने, स्कूटर घेऊन फ्रान्सला गेले, त्याच वर्षी तिथली बेझांसाँची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली. पुढे बोस्टन सिंफनीत १९७३ ते २००२, मग व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा. ऐकून प्रत्येकाला स्कूटर घ्यावीशी वाटते. पण त्याआधी हिदेओ साइतो या जबर कडक गुरूकडे त्यांनी वर्षानुवर्षं हात घासला होता. साइतोंच्या पद्धतीत हाताच्या प्रत्येक हालचालीला नाव आहे. ‘ताताकी’, म्हणजे ठोका, एवढ्यावरच विद्यार्थी महिने काढतो. आणि १९६२ साली याच ओझावांबरोबर वाजवायला एनएचके सिंफनी या जपानी वाद्यवृंदाच्या वादकांनी नकार दिला होता. जगभर नाव कमावलं तरी घरी कौतुक होईलच असं नाही. नोदोका ओकिसावाने २०१८ मध्ये तोक्योची आणि २०१९ मध्ये बेझांसाँची स्पर्धा जिंकली, २०२३ पासून ती क्योतो सिंफनीची मुख्य कंडक्टर आहे. तिचंही शिक्षण आधी गेइदाईत, मग बर्लिनमध्ये. मधल्या पायऱ्या कुणालाच चुकलेल्या नाहीत.

गुरूबद्दल. इथे ‘मोन्का’ चालतं, म्हणजे कोणाचे शिष्य ते. आपल्याकडच्या घराण्याइतकं कडक नाही, पण ऑडिशनच्या फॉर्मवर सेन्सेईचं नाव लिहायची जागा असते आणि ती आधी वाचली जाते. त्यामुळे लोक मोठं नाव शोधतात. मीही शोधलं. वर्षात अकरा धडे मिळाले, त्यातले चार त्यांच्या सहायकाकडून. नंतर एका निवृत्त मेझोबाईंकडे (मेझो म्हणजे स्त्रीचा मधला आवाज) गेलो. त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्या प्रत्येक प्रयोगाला येऊन मागच्या रांगेत बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून चुका वाचून दाखवायच्या. गुरू असा असावा. आणि इटलीत दहा दिवसांचा मास्टरक्लास करून सर्टिफिकेट आणणाऱ्यांनो, ते पैसे कोरेपेतीला द्या. भूमिका शिकवणारा पियानोवादक आठवड्यातून एकदा तासभर मिळाला, तर वर्षात दोन भूमिका तयार होतात.

एवढं ऐकून घाबरला असाल तर थोडं उलटंही सांगतो. मराठी तोंड ऑपेराला चांगलं आहे. आपला दातांवरचा ‘त’ आणि ‘द’ थेट इटालियनचा. फक्त इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ लावू नका. ‘चांदणं’मधला ‘च’ घ्या, तोच जर्मन ‘त्साउबर’चा पहिला आवाज. माझे जपानी मित्र र-लच्या फरकासाठी घाम गाळायचे तेव्हा मी ‘बाळ’मधला ळ म्हणून दाखवायचो, सगळे गार.

कामही आहे, फक्त ते पोस्टरवर दिसत नाही. डिसेंबरात देशभर ‘दाइकु’, म्हणजे बीथोव्हनची नववी सिंफनी, वाजते. ओसाकात तर १९८३ पासून दहा हजार लोक एकत्र गातात. त्या महिन्यात कोरस, आवाजाची तालीम, हौशी मंडळांना जर्मन उच्चार शिकवणं, सगळं मिळून माझा चार महिन्यांचा खर्च निघतो. शाळांच्या जिममध्ये मुलांसमोर ऑपेरा करणाऱ्या टोळ्या असतात. पहाटेची व्हॅन आणि थंड फरशी, पण पैसे वेळेवर. ओत्सू शहरातल्या बिवाको हॉलमध्ये गायकांचा कायमचा वृंद आहे, त्याच्या ऑडिशनवर नजर ठेवा. हक्कांच्या बाबतीतही कोरसवाला अगदीच वाऱ्यावर नाही. न्यू नॅशनल थिएटरच्या करारावरच्या कोरस गायकाला कामगार संघटना कायद्याखाली कामगार मानायचं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. तो खटला लढणाऱ्याचे आपण सगळे ऋणी आहोत.

बाकी आई-वडिलांना काय सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. आई नातेवाइकांना मी ‘जपानी कंपनीत’ आहे असंच सांगते.

हे लिहीत असतानाच एका मंडळाचा फोन आला. मार्चमध्ये ‘ला बोएम’, घरमालक बेन्वा. गोड आवाजात ‘गो-क्योर्योकु’ आलंच. मी विचारलं, “नानमाइ देस् का?” पलीकडे शांतता. मग उत्तर आलं, तीस. म्हटलं, दहा, आणि उरलेली परत. उद्या कळवतो म्हणाले.