प्रिन्सच्या चाहत्यांनी रचलेल्या लेव्हल्सवर मत देताना या चुका टाळा

'लेव्हल भारी आहे, पण खूप अवघड.' प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या कॉम्प्युटर गेमच्या नव्या लेव्हल्स रचणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं मत हेच. बोलणारा मनापासून बोलतो, ऐकणाऱ्याला बरंही वाटतं. पण त्यावरून कोणती फरशी हलवायची आणि कोणतं दार तसंच ठेवायचं, याचा काही पत्ता लागत नाही. मी स्वतः अशा लेव्हल्स रचतो आणि दुसऱ्यांच्या त्याहून जास्त खेळतो. दोन्ही बाजूंनी त्याच त्या चुका होताना पाहिल्यात, काही मीही केल्यात.

जॉर्डन मेकनरचा हा खेळ १९८९ साली ॲपल टू या संगणकावर आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, शाळेच्या नाहीतर क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, एका कीबोर्डवर तिघांची बोटं ठेवून. या डॉस आवृत्तीत सगळ्या लेव्हल्स एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेल्या असतात. ती फाइल बदलली की खेळ तोच राहतो, महाल मात्र नवा होतो. त्यासाठी चाहत्यांनीच रूमशेपर आणि ॲपोप्लेक्सी यांसारखी साधनं लिहिली. एका लेव्हलला जास्तीत जास्त २४ खोल्या आणि एका खोलीत १० बाय ३ चौकोन, एवढ्याच चौकटीत लोक इतक्या वर्षांनंतरही नवनवे चकवे रचताहेत. म्हणूनच त्यांच्या कामावर दिलेलं मत नीट असायला हवं असं मला फार वाटतं.

आपण काय चालवतोय हे न बघता मत देणं

पहिली चूक खेळ सुरू होण्याआधीच होते. जुना डॉसचा खेळ डॉसबॉक्समधून, म्हणजे नव्या संगणकावर डॉसचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालवणं वेगळं आणि एसडीएलपॉपवर चालवणं वेगळं. एसडीएलपॉप म्हणजे चाहत्यांनी डॉस आवृत्तीची चिरफाड करून नव्या संगणकांसाठी पुन्हा उभा केलेला तोच खेळ. त्याच्या सेटिंगमध्ये मूळ खेळातल्या चुका दुरुस्त करण्याचे पर्याय आहेत. आता गंमत अशी की काही रचनाकार त्या जुन्या चुकांचाच वापर करून कोडं बांधतात. तुमच्याकडे दुरुस्त्या चालू असल्या की ती युक्ती चालतच नाही आणि तुम्ही म्हणता, 'लेव्हल पुरी होत नाही.' उलटही होतं. एखाद्यानं दुरुस्त्या चालू ठेवून लेव्हल तपासलेली असते आणि डॉसबॉक्सवाला खेळाडू भिंतीशी अडकून पडतो.

लेव्हलसोबत आलेली सूचनांची फाइल आधी वाचा. रचनाकारानं काही लिहिलंच नसेल तर दोन्ही प्रकारे खेळून बघा आणि मत देताना कशावर खेळलात ते पहिल्या ओळीत सांगा. रचनाकारांनीही एवढं एक वाक्य सूचनेत लिहावंच.

दुसरी गोष्ट वेळेची. मूळ खेळ साठ मिनिटांत संपवायचा असतो. 'साठ मिनिटं पुरतच नाहीत' ही तक्रार आली की मी आधी विचारतो, शिफ्ट आणि एल दाबून लेव्हल ओलांडली होती का? कारण चीट, म्हणजे खेळातल्या छुप्या सवलती, चालू नसताना सुरुवातीच्या लेव्हल्स अशा ओलांडता येतात, पण मग उरलेला वेळ थेट १५ मिनिटांवर येतो. हा मूळ खेळाचाच नियम आहे. पहिली लेव्हल कंटाळून ओलांडायची आणि पाचवीत वेळ संपला म्हणून रचनाकाराला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

खेळाच्या पोटातल्या गोष्टींना लेव्हलची चूक समजणं

चाहत्याच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये तुम्ही मरता आणि सुरुवातीला उभं राहण्याऐवजी भलत्याच खोलीत उभे राहता. आठव्या लेव्हलमध्ये संबंध नसताना एक उंदीर येतो. पाचवीत सावली, म्हणजे प्रिन्ससारखंच दिसणारं काळं पात्र, येऊन कुठलीशी बाटली पिऊन जाते. लोक लिहितात, 'बग आहे, दुरुस्त करा.'

यातलं काहीच लेव्हलच्या फाइलमध्ये नसतं. हे प्रसंग मुख्य प्रोग्रॅममध्ये लेव्हलच्या क्रमांकाशी बांधलेले आहेत. मूळ तिसऱ्या लेव्हलमध्ये ठरावीक जागा ओलांडली की तिथून पुढे मेल्यावर तुम्ही मधूनच सुरू होता. नव्या लेव्हलमध्ये ती जागा कुठेही असू शकते, पण प्रोग्रॅमला त्याची खबर नसते. रक्षकांचंही तसंच. रक्षक किती वार सोसणार हे मुख्यतः लेव्हलचा क्रमांक ठरवतो. रचनाकाराच्या हाती त्याचं कौशल्य तेवढं असतं.

म्हणून रचनाकार सुटला असं नाही. चांगला रचनाकार हे प्रसंग आधी माहीत करून घेतो आणि आपला महाल त्यांच्याभोवती रचतो. मी एक लेव्हल खेळलो होतो, तिच्यात आठव्या लेव्हलचा उंदीर यावा म्हणून मुद्दाम एक बंद कोठडी बांधली होती. उंदीर आला, दार उघडलं आणि मला इतका आनंद झाला की तिथेच थांबून मी ती खोली नीट बघून घेतली. तेव्हा मत लिहिताना 'बग' या शब्दाऐवजी 'तिसऱ्या लेव्हलचा मधला थांबा चुकीच्या जागी पडतोय, तिथून बाहेरच येता येत नाही' असं लिहिलंत, तर त्याला नेमकं काय करायचं ते कळेल. एकतर खोल्यांचे क्रमांक बदलायचे, नाहीतर प्रोग्रॅममधली ती बांधणी बदलून घ्यायची. दोन्ही शक्य आहे.

अवघड आणि अन्यायी यांत फरक न करणं

ही सर्वांत मोठी चूक.

मूळ प्रिन्स सोपा नव्हताच. पण तो खेळ आधी इशारा देतो आणि मग मारतो. सुटी फरशी पाय पडला की थरथरते, आणि त्याच मजल्यावर जागच्या जागी उडी मारली तरी थरथरते. संशय आला तर उडी मारून बघायची सोय आहे. जमिनीतले काटे तुम्ही जवळ गेलात की वर येतात आणि शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकलं तर त्यांच्यातून सुखरूप जाता येतं. निळे बुडबुडे येणारी बाटली जीव खाते, हे एकदा पिऊन कळतं आणि पुढे कायम लक्षात राहतं. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर उरलेला जीव दाखवणारा एक लाल त्रिकोण जातो, तीन मजले पडलं तर खेळ खलास. हे नियम खेळाडूच्या हाडात मुरलेले असतात.

आता चाहत्याची लेव्हल घ्या. तुम्ही एका कड्याशी आलात. या खेळात पडदा सरकत नाही, एक खोली संपली की दुसरी दिसते. म्हणजे खालच्या खोलीत काय आहे ते उडी टाकेपर्यंत दिसणारच नाही. उजवीकडे पडलात तर एक मजला खाली फरशी. डावीकडे पडलात तर थेट काट्यांवर. दोन्हींत फरक सांगणारी एकही खूण वरच्या खोलीत नाही. इथे मरण खेळाडूच्या चुकीचं नाही, ते छापा-काटा आहे. याला मी अन्यायी म्हणतो. तीच खोली लेव्हलच्या शेवटी, वीस मिनिटांच्या चढउतारानंतर आली तर अन्याय दुप्पट होतो, कारण मेल्यावर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते पण घड्याळ मागे जात नाही.

याउलट, सलग तीन कापणारी दारं, त्यांच्यामध्ये एकेक पावलाची जागा आणि पलीकडे तलवार उपसून उभा रक्षक. इथे मी चौदा वेळा मेलो असेन. पण प्रत्येक वेळी माझं काय चुकलं ते मला दिसत होतं. ती खोली अवघड होती आणि तिच्यात काहीही बदलू नये असं मी रचनाकाराला कळवलं.

मत देण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: मरण्याआधी मला हे कळू शकलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर राग गिळा आणि पुन्हा खेळा. 'नाही' असेल तर जागा लिहून कळवा.

एक बारीक गोष्ट. एसडीएलपॉपमध्ये एफ ६ दाबून खेळ साठवता येतो आणि एफ ९ दाबून तिथेच परत जाता येतं. दर पाच पावलांवर साठवत खेळलात तर खरोखर अन्यायी लेव्हलही सोपी वाटते आणि वेळेचा ताण कळतच नाही. साठवत खेळण्यात गैर काही नाही, मीही पहिल्या फेरीत तसाच खेळतो. पण मतात तसं सांगा. न साठवता खेळलेल्याचं 'सोपी आहे' आणि साठवत खेळलेल्याचं 'सोपी आहे' ही दोन वेगळी मतं आहेत.

जागा न सांगणं

'मधल्या भागात एक दार उघडत नाही.' कोणता मधला भाग? पडद्यावर खोलीचा क्रमांक नेहमी दिसत नाही, म्हणून वर्णन करावं लागतं: 'चौथी लेव्हल, तलवारवाल्या दोन रक्षकांच्या खोलीतून खाली उतरल्यावर डावीकडचं जाळीचं दार. वरच्या मजल्यावरचं बटण दाबलं तर आवाज येतो, पण दार हलत नाही.' एवढं लिहिलंत की रचनाकार दोन मिनिटांत कारण शोधतो. बहुतेकदा बटणाचा दुवा दुसऱ्याच दाराला जोडलेला असतो. कधी तुम्ही ज्याला उघडायचं बटण समजताय ते बंद करायचं निघतं.

त्याहून सोपा उपाय म्हणजे खेळ ध्वनिमुद्रित करावा तसा नोंदवून पाठवणं. एसडीएलपॉपमध्ये खेळताना कंट्रोल आणि टॅब दाबलं की नोंद सुरू होते, पुन्हा दाबलं की थांबते. ती छोटीशी फाइल रचनाकाराकडे गेली की तुम्ही कुठे थबकलात, कुठे मागे फिरलात, सगळं त्याला दिसतं. शंभर शब्दांच्या मतापेक्षा मला अशी एक नोंद जास्त मोलाची वाटते.

मूळ लेव्हल्सशी तुलना करणाऱ्यांसाठी थोडंसं. अधिकृत प्रिन्सही एकसारखा नाही. सुपर निंटेंडो या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या आवृत्तीत २० लेव्हल्स आणि १२० मिनिटं होती. तेव्हा 'प्रिन्ससारखी वाटत नाही' एवढ्यावर थांबू नका, कशामुळे वाटत नाही ते सांगा.

रचनाकारांच्या चुका

मत मागणाऱ्याच्या चुकाही कमी नसतात. त्यातली पहिली म्हणजे शेजारी बसून बोलत राहणं. माझा मावसभाऊ दिवाळीत आला होता, तेव्हा मी त्याला माझी नवी लेव्हल खेळायला दिली. पहिल्याच खोलीत तो थांबला की मी म्हणायचो, 'वर बघ ना.' दुसऱ्या खोलीत, 'अरे, उडी मारून बघ.' लेव्हल संपली. त्याला आवडली. माझ्या हाती मात्र काहीच लागलं नाही, कारण ती त्यानं नव्हे, मीच खेळली होती.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन मागे बसलो आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या खोलीत बटण आणि जाळीच्या दारामध्ये मोकळी धाव होती. बटण दाबलं की दार उघडतं, थोडा वेळ थांबतं आणि हळूहळू खाली येऊ लागतं. मी स्वतः तिथून सहज निघायचो. तो सहा वेळा अडकला.

'दादा, दार फार लवकर बंद होतंय. जास्त वेळ उघडं ठेव ना.'

इथे बरेच रचनाकार एकतर खेळाडूनं सुचवलेला उपाय जसाच्या तसा करतात, नाहीतर 'तुला जमत नाही' म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. खेळाडूची अडचण नेहमी खरी असते, त्यानं सांगितलेलं कारण दर वेळी खरं असतंच असं नाही. दार किती वेळ उघडं राहायचं हे लेव्हलमध्ये बदलताच येत नाही, तो वेळ ठरलेला आहे. म्हणून मी त्याचे हात बघितले. बटण दाबल्यावर तो धावत नव्हता. शिफ्ट धरून पावलं मोजत चालला होता. का? कारण आधीच्या खोलीच्या अगदी शेवटी मी काटे ठेवले होते, तिथे तो दोनदा मेला होता आणि आता मोकळ्या जमिनीवरही त्याला काट्यांची धास्ती होती.

दाराला मी हातही लावला नाही. काटे मागे नेले, खोलीच्या सुरुवातीला, आणि त्यांच्यानंतर एक रिकामा, सुरक्षित मजला ठेवला. संध्याकाळी त्याला पुन्हा बसवलं. काटे पार केल्यावर त्या मजल्यावर त्याचं बोट शिफ्टवरून आपोआप उठलं, पुढच्या खोलीत त्यानं बटणावर पाय दिला आणि तसाच धावत सुटला. दार अर्धं खाली आलेलं असताना तो पलीकडे होता. त्यापुढच्या खोलीत, माझ्या मते सर्वांत सोप्या ठिकाणी, तो पुन्हा थांबला आणि मी वहीत पुढचा आकडा घातला.