ऐन भरातला वेगवान गोलंदाज जोखताना या चुका टाळा

पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वकार युनूस याचं नाव निघालं की आपल्याकडे पहिली आठवण निघते ती ९ मार्च १९९६ च्या रात्रीची. बंगळूर, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अजय जडेजाच्या २५ चेंडूंत ४५ आणि वकारच्या शेवटच्या दोन षटकांत गेलेल्या ४० धावा. माझ्याही डोक्यात कित्येक वर्षं वकार म्हणजे हाच होता. "चांगला होता, पण आपण त्याला धुतला" हे वाक्य मी मित्रांच्या बैठकीत किती वेळा ठासून सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

पुढे एकदा जुने धावफलक घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की कसोटीत आपण ऐन भरातल्या वकारला कधी खेळलोच नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला त्याचं पदार्पण आपल्याविरुद्धच झालं. सचिनचंही तिथेच झालं आणि त्याचा त्रिफळा वकारनेच उडवला. तेव्हा वकार अगदी कोवळा होता. त्या मालिकेत तो दोन कसोट्या खेळला आणि मग भारत-पाकिस्तान कसोटी थेट जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला. मधली नऊ वर्षं, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा गाभाच, आपल्या नजरेआड झाली. आपल्याकडे राहिला तो एकदिवसीय सामन्यांतला, शारजाचा आणि बंगळूरचा वकार.

आठवणीला पुरावा मानू नका

ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. आपण जे पाहिलं ते खरंच असतं, पण कोणत्या काळातला गोलंदाज पाहिला हे तपासल्याशिवाय त्याच्या भराबद्दल बोलू नये. त्याच्या सगळ्या कसोट्यांची तारीखवार यादी काढा आणि आपण पाहिलेल्या सामन्यांवर खूण करा. खुणा एकाच कोपऱ्यात गोळा झाल्या असतील, तर आपलं मत त्या कोपऱ्यापुरतंच आहे.

पूर्ण कारकिर्दीची सरासरी पुढे करू नका

वकारच्या नावावर ८७ कसोट्यांत ३७३ बळी आहेत, सरासरी २३.५६ (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा; जितकी कमी तितकी चांगली). आकडा उत्तमच आहे, पण त्यात दोन वेगळे गोलंदाज एकत्र मिसळले आहेत. १९९४ अखेरपर्यंतच्या ३३ कसोट्यांत त्याचे १९० बळी होते, सरासरी १९ च्या आसपास. उरलेल्या ५४ कसोट्यांत १८३ बळी, सरासरी २८ च्या घरात. मधे पाठीने दगा दिला. पाठीच्या हाडाला गेलेल्या तड्यामुळे १९९२ चा विश्वचषक तर त्याला घरी बसूनच पाहावा लागला होता. १९ आणि २८ यांची सरासरी काढली, की जो निघतो तो गोलंदाज कुठल्याच मैदानावर कधी उतरला नव्हता.

भराच्या कडा सोयीने कापू नका

कारकिर्दीचे तुकडे करायला सुरुवात केली, की ही चूक हटकून होते. आवडत्या गोलंदाजाच्या सर्वोत्तम मालिकेपासून मोजायला लागायचं आणि पहिली वाईट मालिका आली की थांबायचं. असं केलं तर कोणीही महान ठरेल. कड कुठे पाडायची हे आकड्यांनी ठरवू नये, कारणाने ठरवावं: दुखापत, बदललेली शैली, कमी केलेला रनअप, संघातली बदललेली भूमिका. वकारच्या बाबतीत १९९४ ची कड मला मान्य आहे, कारण तिच्यामागे पाठ आहे. आणि एकदा कड पाडली की आतल्या कोरड्या कसोट्याही मोजायच्या.

काळ किती धरावा? माझ्या मते तीन वर्षं आणि पंचवीस कसोट्यांच्या खाली उतरू नये. इम्रान खानने १९८२ या एका वर्षात ९ कसोट्यांत ६२ बळी घेतले, सरासरी १३.२९. त्याच हिवाळ्यात आपल्याविरुद्धच्या ६ कसोट्यांत ४० बळी घेतले. विश्वनाथची कसोटी कारकीर्द त्या दौऱ्यावरच संपली. लगेच नडगीच्या हाडाने घात केला आणि १९८३ च्या विश्वचषकात इम्रान गोलंदाजी न करता नुसता फलंदाज म्हणून खेळला. त्या वर्षाला मी वणवा म्हणेन. इम्रानचा भर मोजायचा तर त्याच्या मागची-पुढची वर्षंही सोबत घ्यावी लागतात, आणि ती घेतल्यावरही तो थोरच ठरतो.

एकाच सामन्यातल्या इतरांकडे न पाहता निकाल देऊ नका

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथे. १९५० च्या दशकातली २० ची सरासरी आणि २००५ मधली २० ची सरासरी एक नव्हे. नियम बदलले, खेळपट्ट्या बदलल्या, बॅटी बदलल्या. मग तुलना कशाशी करायची? त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी काय केलं त्याच्याशी.

नागपूरची फेब्रुवारी २०१० ची कसोटी घ्या. जामठ्याचं मैदान. नव्या चेंडूने आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने दक्षिण आफ्रिकेची अवस्था २ बाद ६ केली. मग चेंडूची लकाकी गेली आणि अमला-कॅलिस जोडीने ३४० धावांची भागी रचली. अमला नाबाद २५३, कॅलिस १७३, डाव घोषित ६ बाद ५५८ वर. खेळपट्टी पाटा, म्हणजे गोलंदाजांना काहीच मदत न करणारी होती, हे त्या दीड-दोन दिवसांत सगळ्यांना पटलं होतं.

त्याच खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेन धावत आला. मुरली विजयने बाहेर जाणार म्हणून चेंडू सोडला, बॅट खांद्यावर, आणि ऑफस्टंप गेला. सचिन ७ वर यष्टीमागे झेल देऊन परतला. सेहवागचं शतक आणि पदार्पण करणाऱ्या बद्रीनाथचं अर्धशतक यांनी डाव सावरला होता. पण चहापानानंतर जुना चेंडू रिव्हर्स व्हायला, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने वळायला लागला आणि स्टेनने २२ चेंडूंत ३ धावा देऊन ५ बळी घेतले. आपले शेवटचे सहा गडी १२ धावांत गेले. सर्वबाद २३३, स्टेन ७ बाद ५१.

झहीर नव्या चेंडूवर त्याच्या तोडीस तोड होता. फरक पडला तो चेंडू जुना झाल्यावर. नुसतं "७ बाद ५१" वाचून हे हाती लागत नाही, समोरच्या संघाची गोलंदाजी शेजारी ठेवावी लागते.

बुमराच्या ऑस्ट्रेलियातल्या २०२४-२५ च्या मालिकेलाही हीच फुटपट्टी लावून पाहा. त्याचे ३२ बळी १३.०६ च्या सरासरीने, तर तोच चेंडू आणि तेच फलंदाज वाट्याला आलेल्या सिराजचे २० बळी तिशीच्या वरच्या सरासरीने. हल्ली खेळपट्ट्या गोलंदाजांना साथ देतात, असं म्हणून बुमराचा आकडा खाली ओढणाऱ्यांनी हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघावेत.

प्रतिस्पर्धी तपासा, पण अर्धाच तपासू नका

वकारने १९९३ च्या अखेरीस झिम्बाब्वेविरुद्ध तीन कसोट्यांत २७ बळी घेतले. झिम्बाब्वेला कसोटी दर्जा मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे त्या २७ ना थोडं कमी वजन द्यायलाच हवं. पण मग १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलेल्या २२ ना जास्त वजन द्या. आदल्या वर्षी सरेकडून इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत १४.६५ च्या सरासरीने घेतलेले ११३ बळीही विसरू नका. ते कसोटीच्या तक्त्यात येत नाहीत, म्हणून नेहमी सुटतात.

बळी कसे मिळाले हे वगळू नका

वकारचे निम्म्याहून अधिक बळी त्रिफळाचीत किंवा पायचीत आहेत. याचा अर्थ मला मोठा वाटतो. पाकिस्तानातल्या संथ खेळपट्ट्यांवर बॅटची कड लागली तरी चेंडू स्लिपपर्यंत पोचत नाही. तिथे त्याने क्षेत्ररक्षकाची आणि उसळीची गरजच काढून टाकली. चेंडू उशिरा आत वळायचा आणि थेट बुंध्यावर. लोक म्हणतात, यॉर्करवर शेपूट, म्हणजे तळाचे फलंदाज, कापणं सोपं असतं. पण शेपूट लवकर कापलं न जाण्याने किती कसोट्या हातच्या गेल्या, हे भारतीय प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको.

साथीदाराचंही तेच. हॅमिल्टनला जानेवारी १९९३ मध्ये न्यूझीलंडला जिंकायला १२७ हव्या होत्या आणि ते ९३ वर आटोपले. वकारचा जोडीदार वसिम अक्रम ५, वकार ५. एकाने दुसऱ्याचे बळी खाल्ले म्हणायचं, की दुसऱ्याने दबाव ठेवला म्हणून पहिल्याला मिळाले? दोन्ही घडतं. म्हणून जोडीतल्या गोलंदाजाचे एकूण बळी मोजण्यापेक्षा एका बळीमागे किती चेंडू लागले हे पाहणं जास्त बरं.

आणि चेंडू जास्त वळावा म्हणून तो खरवडल्याच्या वकारवरच्या आरोपांचं काय? ते बाजूला सारू नयेत. २००० मध्ये वकारवर त्याबद्दल एका सामन्याची बंदीही आली. पण १९९० च्या फैसलाबाद कसोटीत न्यूझीलंडच्या ख्रिस प्रिंगलनेही चेंडू खरवडला होता, तशी कबुली त्याने पुढे स्वतः दिली. त्या कसोटीत प्रिंगलला ११ बळी मिळाले, वकारला १२. प्रिंगलला तसं यश पुन्हा कधी मिळालं नाही. वकार मात्र पुढची चार वर्षं घेतच राहिला.

वेग म्हणजेच भर, असं धरून चालू नका

न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीने १९८० च्या सुमारास रनअप आखूड केला. तो संपला, असं तेव्हा म्हणणारे होते. १९८५ मध्ये ब्रिस्बेनला त्याने एका डावात ५२ धावांत ९ आणि सामन्यात १५ बळी घेतले. नोव्हेंबर १९८८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, वानखेडेवर ६ बाद ४९ आणि ४ बाद ३९. न्यूझीलंडने ती कसोटी जिंकली आणि त्यानंतर भारतात कसोटी जिंकायला त्यांना २०२४ साल उजाडावं लागलं. हॅडलीच्या भराची कड पंचविशीवर पाडली असती, तर हा सगळा हॅडली तुमच्या हिशेबाबाहेर राहिला असता.