शाळेसमोरचा वेग कमी करायचाय? मग या चुका टाळा

शाळेसमोर एखादं पोर थोडक्यात वाचतं आणि त्याच रात्री पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, "वर्गणी काढा, आपणच स्पीडब्रेकर टाकू". हा मेसेज वाचला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आम्हीही नेमकं हेच केलं होतं.

एका रात्रीत सिमेंटचा वरवंटा घातला, हातभर रुंद, चांगला उंच, ना पट्टे ना बोर्ड ना परवानगी. सकाळी सगळे एकमेकांना शाबासकी देत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात एक स्कूटरवाला त्यावरून उडाला आणि मनगट मोडून घेतलं. त्यात पाणी वाहून जावं म्हणून आम्ही कडेला फटी ठेवल्या होत्या, तर सगळ्या दुचाक्या त्या फटींतूनच सुसाट जायला लागल्या, म्हणजे बरोब्बर जिथून पोरं चालतात तिथून. शेवटी आम्हीच पहार घेऊन तो फोडला.

नंतर कळलं की अरुंद उंचवटा मुळातच उलटा चालतो, हळू जाणाऱ्याचं कंबरडं मोडतो आणि जोरात जाणाऱ्या कारचा दणका बराचसा सस्पेन्शनच गिळून टाकतं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चाचण्या करून जो गोलसर हंप ठरवला तो साधारण ३.७ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर उंच आहे, हळू गेलं तर पोटातलं पाणी हलत नाही, वेगात गेलं तर सीटवरून उडता. आणि एकटा हंप तर टाकूच नका, लोक तो ओलांडला की चिडून जास्तच अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, साधारण १०० मीटरवर पुढचा लागतो. अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडवाल्यांना आधी विचारा, ते सोडून सगळ्यांना विचारलेलं असतं.

न मोजता भांडायला जाणं ही दुसरी घाई. "गाड्या फार जोरात जातात हो" याला कुठलाही इंजिनिअर भीक घालत नाही. माझी सवय सांगतो: रस्त्याकडेला एकमेकींपासून ५० मीटरवर खडूच्या दोन खुणा आणि मोबाइलचा स्टॉपवॉच. ६ सेकंद लागले तर वेग ३० किलोमीटर, ३.६ सेकंद लागले तर ५०. अशा १०० गाड्या मोजायच्या, हळूपासून जोरात अशा ओळीने लावायच्या आणि ८५ वी गाडी बघायची, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग, तो आकडा घेऊन गेलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो. फक्त चमकदार जॅकेट घालून उभे राहू नका, तुम्हाला बघूनच सगळे साधू होतात. आणि शाळेसमोर वेग ३० च का हवा, तर ब्रेक दाबायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ३० ने जाणारी गाडी साधारण १३ मीटरात थांबते, ५० वाली २८ मीटर खाते.

आता जे कुणाला ऐकायचं नसतं ते. गेटसमोर डबल पार्किंग करणारे, रिव्हर्स घेणारे, "दोनच मिनिटं" म्हणणारे कोण असतात? आपणच. मी एकदा तासभर मोजलं आणि बाहेरची वाटणारी निम्मी वाहनं पालकांची निघाली, मीटिंगमध्ये सांगितलं तर तीन जण उठून गेले. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ रस्ता बंद ठेवायचा प्रयोग इटलीत बोल्झानो शहराने १९८९ मध्येच सुरू केला. तेवढं जमत नसेल तर पाच मिनिटं चालावं लागेल इतक्या लांब पोरांना उतरवा आणि एक मोठा माणूस पुढे, एक मागे अशी रांग करून आणा. पहिला आठवडा कटकटीचा जातो, आणि नेमकं तेव्हाच उतावळे लोक "हे काही चालत नाही" म्हणून सोडतात.

बाकीचं पटकन. नुसते झेब्रा पट्टे रंगवून थांबू नका, त्याने पोरांचा धीर वाढतो, गाड्यांचा वेग तेवढाच राहतो. क्रॉसिंगच्या आधी निदान ६ मीटर पार्किंग नको, गाडीच्या बॉनेटमागचं सात वर्षांचं पोर दिसतच नाही. रुंद सरळ रस्त्यावर "हळू चालवा" बोर्ड म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, त्यापेक्षा कोपरे आत ओढून रस्ता अरुंद करा, आणि तोही आधी ट्रॅफिकवाल्यांचे प्लॅस्टिकचे शंकू ठेवून महिनाभर बघा, सिमेंट नंतर. शेजारच्या गल्लीतही आधीच जाऊन बसा, कारण तुमची गर्दी तिकडे वळली की पुढच्या मीटिंगला ते सगळे तुमच्या दारात असतात.