मिरची-वांग्याची रोपं टाकताय? विकतच्या खताची पिशवी आधी पारखून घ्या

खरिपाच्या मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं टाकायचे दिवस आले. नागपूर जिल्ह्यात मान्सून साधारण जूनच्या मध्यावर येतो आणि मिरचीचं रोप लागवडीला यायला ३५ ते ४० दिवस घेतं. भिवापूर, कुही, मौद्याकडे जुलैच्या सुरुवातीला मिरची लावायची असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात बी ट्रेमध्ये पडलेलं असावं. वांग्याला ३० ते ३५ दिवस लागतात, टोमॅटो २५ ते ३० दिवसांत तयार होतो, म्हणून त्यांना थोडा उशीर चालतो. याच दिवसांत कृषी सेवा केंद्रांपुढे गांडूळ खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शहरी कंपोस्ट (शहरातल्या कचऱ्याचं खत) आणि ‘पॉटिंग मिक्स’च्या पिशव्यांची थप्पी लागते आणि घेणारा विचारतो, “यातलं जोरदार कोणतं?” बी उगवायचं असेल तर हा प्रश्नच चुकीचा आहे.

पहिल्या आठवड्याला पुरेल एवढं अन्न बियाच्या आत असतंच. बाहेरून त्याला हवा असतो ओलावा, हवा आणि मुळाला सहज शिरता येईल असा भुसभुशीतपणा. खत जितकं ‘जोरदार’ तितके त्यात विरघळणारे क्षार जास्त. अशा माध्यमात ओल असूनही बियाला पाणी ओढता येत नाही, आणि उगवलंच तर कोवळ्या मुळाचं टोक तांबूस पडून जळतं. पिशवीवर मोठ्या अक्षरात नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे मिरवणारं खत शेतात घाला, ट्रेमध्ये नको.

नुसती शेतातली काळी मातीही ट्रेला चालत नाही. ओली असली की चिकटते, वाळली की आकसून भेगाळते आणि वरून पाणी दिलं की तिचा पापुद्रा धरतो. मिरचीच्या बारीक कोंबाला तो फोडता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळ्यात भरवशाचं मिश्रण म्हणजे तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चांगलं मुरलेलं, चाळलेलं गांडूळ खत. हे दोन्ही वेगवेगळं विकत घ्या, मिश्रण घरी करा. तयार ‘पॉटिंग मिक्स’ कुंडीतल्या मोठ्या झाडासाठी ठीक असतं, पण ते नाव कोणत्याही मिश्रणाला देता येतं आणि आत काय किती आहे ते बहुतेक पिशव्यांवर लिहिलेलं नसतं. पीट मॉसचे (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचे) आयात केलेले गठ्ठे महाग पडतात, शिवाय ते मुळात आम्लधर्मी असतात. भाजीपाल्याच्या रोपांसाठी त्यांच्या मागे लागायचं कारण नाही.

कोकोपीट घेताना पहिला प्रश्न क्षारांचा. नारळाचा काथ्या काढताना सोडणं बरेचदा खाऱ्या पाण्यात भिजवली जातात, त्यामुळे त्या भुश्यात सोडियम आणि पालाश राहतं. ईसी म्हणजे विद्युत वाहकता, क्षार जास्त तितकी ती जास्त. म्हणूनच बाजारात ‘लो ईसी’ आणि ‘हाय ईसी’ असे दोन माल मिळतात आणि कोकोपीटची दाबलेली स्वस्त वीट बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची निघते. रोपांसाठी ईसी ०.५ च्या आसपास किंवा त्याखाली हवी. वेष्टनावर हा आकडा नसेल तर माल न धुतलेला आहे असं धरून चालावं.

घरी तपासायचं असेल तर पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचा साधा पेन पुरतो. एक वाटी भिजलेलं कोकोपीट पाच वाट्या आरओच्या पाण्यात कालवा, अर्धा तास ठेवा, गाळा आणि मोजा. आधी नुसत्या पाण्याचा आकडा घेऊन तो वजा करायला विसरू नका. नेहमीच्या पेनवर ०.५ ईसी म्हणजे साधारण २५० पीपीएम. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरवेलचं पाणी मुळातच जड असतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात कालवून मोजलं तर दोष कोकोपीटचा की पाण्याचा हे कळणारच नाही. आकडा जास्त आला तर वीट परत करायला धावू नका. भरपूर पाण्यात भिजवून निथळा, तेच पुन्हा दोन-तीनदा करा आणि परत मोजा. बहुतेक क्षार निघून जातात. ५ किलोची वीट फुलून ७० लिटरच्या घरात जाते आणि त्यात ९८ खणांचे पंचवीसेक ट्रे भरतात. संकरित मिरचीच्या बियाची १० ग्रॅमची पुडी किती रुपयांना पडते ते आठवा, म्हणजे धुण्याचे श्रम जड वाटणार नाहीत.

आता गांडूळ खत. फसगत इथे जास्त होते, कारण काळी माती आणि अर्धकच्चं शेण दोन्ही या नावाने खपून जातं. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये गांडूळ खताचे निकष ठरलेले आहेत: ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का. पिशवीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, तयार केल्याची तारीख आणि हे आकडे नसतील तर ती पिशवी खाली ठेवा. ओलाव्याच्या आकड्याकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण खत वजनावर विकलं जातं. ५० किलोच्या पिशवीत २५ टक्के ओल असेल तर कोरडं खत साडेसदतीस किलो मिळतं. तीच ओल ४५ टक्के असेल तर साडेसत्तावीस. मधले दहा किलो पाण्याचे पैसे.

उघडी पिशवी दाखवायला सांगा. चांगलं गांडूळ खत चहापत्तीसारखं सुटं, दाणेदार आणि गर्द तपकिरी दिसतं, आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. नाकाला झोंबणारा अमोनिया, आंबूस वास, ओळखू येणारी शेणाची ढेकळं, काड्या, पालापाचोळ्याचे तुकडे यातलं काहीही आढळलं तर ते अजून मुरायचं आहे. मूठभर खत काचेच्या ग्लासभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. तळाला वाळू-मातीचा जाड थर बसला तर तुम्ही माती विकत घेताय.

कच्चं खत आतून गरम लागतं, म्हणून पिशवीत हात घालून पाहा, असं सगळेच सांगतात. नागपुरात मे महिन्यात ही परीक्षा निरुपयोगी आहे. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुकानापुढे उन्हात पडलेली कोणतीही पिशवी गरमच लागणार. त्याऐवजी थोडं खत घरी आणा, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतकं ओलं करा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सावलीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत मुरलेलं आहे. घाण वास आला तर नाही.

उन्हाचाच आणखी एक मुद्दा. ‘ट्रायकोडर्मायुक्त’ (ट्रायकोडर्मा म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी), ‘जिवाणूंनी समृद्ध’ अशा पिशव्यांना जास्त पैसे मोजावे लागतात. पण हे जीव जिवंत असतील तरच उपयोग, आणि फरशीवर उन्हात भाजलेल्या पिशवीत ते कितपत उरले असतील याचा अंदाज तुम्हालाच बांधता येईल. त्यापेक्षा साधं खत घ्या आणि ट्रायकोडर्माची पुडी सावलीत ठेवणाऱ्या दुकानातून, मुदत बघून, वेगळी घ्या.

शहरी कंपोस्ट स्वस्त असतं आणि शेतात पसरायला वाईट नाही. मात्र त्याच्या निकषात ईसी ४ पर्यंत चालते. म्हणजे कायद्याने पास झालेली पिशवीसुद्धा कोवळ्या रोपाला खारट पडू शकते. शिवाय त्यात काचेचे, प्लास्टिकचे कपटे निघतात. ट्रे भरण्यासाठी ते घेऊ नये.

या सगळ्या तपासण्यांपेक्षा वरचढ एकच चाचणी आहे आणि ती बियाच करून देतं. मोठी खरेदी करण्याच्या आठ दिवस आधी एकच पिशवी आणा. तिच्यातून तयार केलेलं मिश्रण एका भांड्यात आणि धुतलेली नदीची वाळू दुसऱ्या भांड्यात भरा. दोन्हीच्या तळाला भोकं हवीत. दोन्हीत मुळ्याचे किंवा मोहरीचे वीस-वीस दाणे पेरा, सारखं पाणी द्या, सावलीत ठेवा. मूग लावू नका, तो कशातही उगवतो आणि काही सांगत नाही. सहा-सात दिवसांनी दोन्हीकडचे कोंब मोजा आणि दोन-चार रोपं हलकेच उपटून मुळं बघा. वाळूत अठरा उगवले आणि मिश्रणात दहाच, तर काहीतरी बिघडलंय. संख्या सारखी पण मुळांची टोकं तपकिरी, तर क्षार जास्त. कडेने गाजरगवत किंवा लव्हाळा डोकावला तर खत नीट तापलेलं नव्हतं आणि तण पिशवीतूनच आलंय. गच्चीवर दहा-वीस रोपं करणाऱ्या धरमपेठ-मनीषनगरच्या हौशी मंडळींनीही ही चाचणी टाळू नये, त्यांच्या वाट्याला तर लहान पिशव्यांचा महागडा माल येतो.

जाता जाता: माध्यम हलकं व्हावं म्हणून काही जण कूलरच्या जुन्या ताट्यांमधली घास कुस्करून घालतात. तिच्यावर वर्षभराच्या जड पाण्याचा पांढरा थर असतो. तो क्षारच आहे, घालू नका.

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या कलमांसाठी जंबेरीचं (ज्यावर कलम बांधतात त्या लिंबाचं) बी टाकणाऱ्यांना हीच पारख लागू पडते, फक्त एका बाबतीत जास्त कडक. लिंबूवर्गीय रोपांचा मोठा वैरी फायटोफ्थोरा ही बुरशी, आणि ती बागेतल्या मातीतून, अर्धवट कुजलेल्या खतातून सहज येते. त्यांनी मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवून घ्यावं. एवढं ऊन फुकट मिळतंय तर ते वापरावं. यंदा मे उलटला असेल तर ही सोय पुढच्या उन्हाळ्यावर गेली, आणि तोवर नव्या कोकोपीटवर भर द्यावा.

ट्रे भरण्याच्या आदल्या संध्याकाळी मिश्रण भिजवून ठेवा. उन्हाने पार सुकलेलं कोकोपीट लगेच पाणी धरत नाही, वरून ओलं दिसतं आणि आत कोरडंच राहतं. मुठीत दाबलं की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पेरणीआधी किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका, ट्रे सावलीत एकावर एक रचून प्लास्टिकने झाका आणि पहिले कोंब दिसताच काढून ५० टक्के शेडनेटखाली मांडा. एक दिवसाची दिरंगाई झाली तरी कोंब लांबुडके होतात. दुपारी काळा ट्रे तापतो, म्हणून पाणी सकाळी आणि गरज वाटली तरच पुन्हा उन्हं उतरल्यावर थोडं. सतत ओलसर ठेवलेल्या ट्रेमध्ये रोपं बुडाशी सडून आडवी पडतात आणि लोक खताला दोष देतात. दोन खरी पानं आल्यावर १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला २ ते ३ ग्रॅम घालून फवारलं की पुढची भूक भागते.

पक्कं बिल घ्या, त्यावर उत्पादनाचं नाव आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. चाचणीत पिशवी नापास झाली तर उरलेलं खत न मिसळता तसंच बांधून ठेवा आणि बिलासह दुकानदाराकडे न्या. त्याने दाद दिली नाही तर पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी कार्यालयात लगेच लेखी तक्रार द्या, कारण नमुना न उघडलेल्या पिशवीतून घेतला जातो आणि त्याच लॉटची पिशवी दुकानात असेपर्यंतच त्याला अर्थ असतो. परत घेतलंच नाही, आणि खत फक्त कच्चं असेल, तर ओलं करून झाडाखाली ढीग घाला, झाका, पंधरवड्याने एकदा वरखाली करा. दीड-दोन महिन्यांत ते वांग्याच्या सरीत घालण्याजोगं होतं. खारट निघालेलं मात्र ट्रेजवळ फिरकू देऊ नका. ते पावसाळ्यात मोठ्या झाडांच्या आळ्यात पातळ पसरून टाका.