गाण्यावरून गुन्हा दाखल झाल्यावर भाष्य कसे लिहावे

एखाद्या गाण्यावरून गायकावर गुन्हा दाखल झाला, अशी बातमी आली की त्या दिवशीच भाष्य लिहून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. बातमीत बहुधा एकच ओळ छापलेली असते आणि ती कोणत्या कडव्यातली, कोणाच्या तोंडी घातलेली, हे त्यातून कळत नाही. गाण्याचे सगळे शब्द स्वतः ऐकून कागदावर उतरवावेत. ध्रुवपद कोणते, ते कोठे परत येते, बोलणारा 'मी' कोण आहे, हे समासात टिपून ठेवावे.

शब्दांइतकेच महत्त्व चालीला द्यावे, कारण गाण्याचा अर्थ तिच्यावरही ठरतो. अण्णाभाऊ साठे यांची मैनेची छक्कड (छक्कड म्हणजे शाहिरी गीताचा एक प्रकार) घ्या. मुंबईला आलेल्या कामगाराची गावी राहिलेल्या कारभारणीसाठी होणारी तगमग तिच्या सुरुवातीला आहे. मात्र पुढे तीच मैना संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होऊन उभी राहते. विरहाच्या चालीनेच राजकीय मागणी श्रोत्याच्या काळजापर्यंत नेली. सुटी ओळ वाचणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही. म्हणून भाष्यात निदान एक परिच्छेद संगीताचा असावा: डफ-तुणतुण्याची शाहिरी आहे की रॅप, झीलकरी (मागून साथ देणारे गायक) काय म्हणतात, संताप कोठे चढतो, उपहास कोठे ऐकू येतो. माझ्या मते हा परिच्छेद गाळलेले भाष्य अर्धेच असते.

त्यानंतर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर मिळवावी. संवेदनशील प्रकरणे वगळता ती 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिले असून महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ती शोधता येते. तिच्यातील कलमे एकेक करून वाचावीत. भारतीय न्याय संहितेचे कलम 196 गटागटांतील वैर वाढवण्याविषयी आहे. कलम 299 धार्मिक भावनांविषयी असले तरी त्यात हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेले कृत्य अपेक्षित आहे. कलम 356 खालील बदनामी हा अदखलपात्र गुन्हा असल्यामुळे त्यासाठी पोलिसांना परस्पर तपास सुरू करता येत नाही. कलमातील प्रत्येक अट गाण्यातील कोणत्या शब्दांनी पूर्ण होते, हे शोधावे आणि एकही शब्द सापडला नाही तर तसे स्पष्ट लिहावे.

या कामासाठी जामनगरचे प्रकरण जवळ ठेवण्यासारखे आहे. तेथील सामूहिक विवाहाच्या 46 सेकंदांच्या चित्रफितीला पार्श्वभूमी म्हणून एक उर्दू कविता जोडली होती आणि ती प्रसारित केल्याबद्दल खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर जानेवारी 2025 मध्ये गुन्हा नोंदला गेला. गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी तो रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी कविता मुळातून वाचली. तिच्यात कोणत्याही धर्माचा किंवा जातीचा उल्लेख नाही, उलट अन्यायाला प्रेमाने सामोरे जाण्याची भाषा आहे, हे त्यांनी दाखवले. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या अशा प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्यापूर्वी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 173(3) नुसार प्राथमिक चौकशी करणे उचित आहे, असेही सांगितले. आपल्या भाष्यात ही चौकशी झाली होती का, हा प्रश्न अवश्य विचारावा.

शब्दांचा परिणाम कोणाच्या नजरेने मोजायचा, याचे उत्तर याच निकालात आहे आणि त्याचे मूळ आपल्या नागपुरात आहे. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1946 मध्ये नागपूर उच्च न्यायालयात मांडले की समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाचा निकष लावावा, दुबळ्या आणि डळमळीत मनाचा नव्हे. हा निकष लावूनच गाणे पुन्हा ऐकावे.

संविधानाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये निर्बंधांची कारणे मोजून दिलेली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी ही त्यांपैकी काही होत. नुसते वाईट वाटणे त्यात नाही. पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून 2012 मध्ये अटक झाली आणि त्यानंतर सुरू झालेल्या न्यायालयीन लढाईत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम 66ए 24 मार्च 2015 रोजी रद्द ठरले. त्या निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत केलेला फरक प्रत्येक कडव्याला लावून पाहावा.

विरुद्ध जाणारा निकालही लपवू नये. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधीजींवरील कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये, आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना काव्यस्वातंत्र्याचे कवच पुरेसे ठरत नाही, असे म्हटले. मला हा निकाल पटत नाही, पण तो आहे आणि वाचकाला तो सांगितलाच पाहिजे.

गाणे आवडले नाही तर तेही लिहावे, मात्र वेगळ्या परिच्छेदात. यमक ओढूनताणून जुळवलेले असेल, ठेका उसना असेल, तर त्याची समीक्षा जरूर करावी. अटकेच्या समर्थनासाठी ती वापरू नये.

पुढची तारीख डायरीत नोंदवून ठेवावी. पुढे आरोपपत्र दाखल झाले किंवा गुन्हा रद्द झाला, तर तेही त्याच वाचकांना त्याच जागी कळवावे.