विंडोजमध्ये मेमरी नेमकी कोण अडवते, हे कसे शोधावे

संगणक मंदावला की लोक टास्क मॅनेजर उघडतात, मेमरीसमोर ८० टक्के हा आकडा पाहतात आणि नवी रॅम आणायला निघतात. त्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. पुढील पद्धत विंडोज १० आणि ११ या दोन्हींना लागू पडते.

प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात आणि ‘परफॉर्मन्स’ या भागातील ‘मेमरी’ निवडावे.

खरी अडचण यानंतर सुरू होते. आलेखाखाली ‘इन यूज’, ‘अव्हेलेबल’, ‘कमिटेड’ आणि ‘कॅश्ड’ असे आकडे दिसतात. यांतील कोणावर विश्वास ठेवायचा, हे उमगायला मला बराच काळ लागला. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा असणे हा दोष नव्हे. पूर्वी वाचलेला मजकूर पुन्हा लागेल म्हणून विंडोज तो रॅममध्ये राखून ठेवते आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की त्यातील बहुतेक भाग तत्काळ सोडून देते; म्हणूनच तो भाग ‘अव्हेलेबल’मध्येही मोजलेला असतो. ‘रॅम क्लीनर’ म्हणून मिळणारी साधने चालू प्रोग्रॅमांची पाने (विंडोज मेमरी ज्या छोट्या तुकड्यांत हाताळते ते तुकडे) रॅममधील त्यांच्या वाट्यातून जबरदस्तीने बाहेर ढकलतात. त्यामुळे आकडा क्षणभर सुंदर दिसतो, पण लगेच तीच पाने पुन्हा मागवावी लागतात आणि संगणक अधिकच रेंगाळतो. अशी साधने असतील, तर ती आधी काढून टाकावीत.

ज्याकडे कोणी पाहत नाही, तो ‘कमिटेड’ हा आकडा मात्र रोज पाहण्यासारखा आहे. तेथे तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन संख्या असतात. डावीकडील संख्या म्हणजे विंडोजने सर्व प्रोग्रॅमांना मिळून कबूल केलेली मेमरी, तर उजवीकडील संख्या म्हणजे रॅम आणि डिस्कवरील पेजफाइल (रॅममधून बाहेर काढलेली पाने ठेवण्याची फाइल) यांची बेरीज, अर्थात कबुलीची कमाल मर्यादा. ‘अव्हेलेबल’मध्ये दोन-तीन जीबी शिल्लक असतानाही एखादा प्रोग्रॅम मेमरी नसल्याची तक्रार करून बंद पडतो, तेव्हा डावी संख्या उजवीला भिडलेली असण्याची दाट शक्यता असते. ‘रॅम भरपूर आहे, पेजफाइल बंद करा’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे, कारण त्याने मर्यादा निव्वळ रॅमइतकी उरते. पेजफाइल विंडोजच्या ताब्यात राहू द्यावी. गरज पडेल तशी ती काही प्रमाणात वाढते आणि तिच्याबरोबर मर्यादाही वाढते.

आता दोषी प्रोग्रॅम शोधायचा. ‘डिटेल्स’ या भागात स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमिट साइझ’ हा स्तंभ घ्यावा आणि त्यानुसार यादी उतरत्या क्रमाने लावावी. ‘प्रोसेसेस’ भागातील आकडा त्या घडीला रॅममध्ये असलेल्या पानांपुरताच असतो; ज्याची पाने डिस्कवर गेली आहेत, असा खादाड प्रोग्रॅम तेथे सडपातळ दिसतो. क्रोमच्या अनेक नोंदी दिसल्या, तर क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबावे, म्हणजे कोणता टॅब किती मेमरी घेतो ते नावानिशी कळते.

एका वेळच्या मापावरून मेमरी गळते आहे, म्हणजे प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत करत नाही, असे म्हणू नये. सुरुवातीला आकडा चढणे स्वाभाविक असते. तेच काम पुन्हा पुन्हा करूनही तो एका पातळीवर स्थिरावत नसेल, तरच संशय घ्यावा. त्यासाठी परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘प्रोसेस’ गटातील ‘प्रायव्हेट बाइट्स’ (प्रोग्रॅमने फक्त स्वतःसाठी घेतलेली मेमरी) हा काउंटर दर पाच मिनिटांनी नोंदवायला लावावा आणि दिवसभर राहू द्यावा. ‘वर्किंग सेट’ (प्रोग्रॅमचा त्या घडीला रॅममध्ये असलेला भाग) घेऊ नये, कारण रॅमची टंचाई झाली की विंडोज त्याला कात्री लावते आणि गळती आलेखात झाकली जाते.

रॅम खरोखरच अपुरी आहे का, हे रिसोर्स मॉनिटरमधील ‘हार्ड फॉल्ट्स’वरून, म्हणजे हवे ते पान रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून किती वेळा आणावे लागते या दर सेकंदाच्या आकड्यावरून कळते. प्रोग्रॅम उघडताना ते उसळतातच, तिकडे दुर्लक्ष करावे. नेहमीचे काम चालू असताना ते सतत शेकड्यांत राहत असतील आणि ‘अव्हेलेबल’ही तळाला गेलेले असेल, तर रॅम वाढवण्यावर खर्च करावा. गळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मात्र रॅम घेऊ नये. त्याने बिघाड काही तासांनी पुढे ढकलला जातो, एवढेच. त्याची नवी आवृत्ती घ्यावी, आणि तरीही आलेख चढताच राहिला, तर तो आलेखच निर्मात्याकडे पाठवावा.

सर्व प्रोग्रॅमांची बेरीज ‘इन यूज’च्या आसपासही पोहोचत नसेल, तर ‘नॉन-पेज्ड पूल’ (डिस्कवर कधीच न पाठवली जाणारी, विंडोजच्या गाभ्यातील मेमरी) पाहावा. तो काही जीबींवर गेला असेल, तर संशय बहुधा एखाद्या ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) घ्यावा लागतो आणि अलीकडे बसवलेल्या ड्रायव्हरपासून तपास सुरू करावा.